लवकर उत्तर देणारे मूल

प्राथमिक शाळेत गुरुजी फळ्यावर गणित घालतात. साऱ्या वर्गाच्या माना पाटीवर वाकतात, आणि एखादे मूल दोन मिनिटांत मोकळे होते. उरलेल्या वेळात त्याने काय करावयाचे, याचे उत्तर शाळेपाशी बहुधा नसते. मग ते शेजाऱ्याच्या खोड्या काढते आणि प्रगतिपुस्तकात शेरा उमटतो, ‘चंचल’.

बुद्धिमान मूल आपोआप वर येते, हा समज फार दृढ आहे. तो सोयीचा आहे, एवढेच त्याचे बळ. श्रीनिवास रामानुजन १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत तंजावर जिल्ह्यात पहिले आले. पुढे कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात त्यांना गणितावाचून दुसरे काही सुचेना. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. ज्या गुणांनी त्यांना उचलले, त्यांनीच खाली टाकले.

या प्रश्नाचा विचार झालाच नाही असे नाही. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी स्थापिली. तिची प्रशाला १९६९ मध्ये निघाली. नवोदय विद्यालयांचा प्रारंभ १९८५-८६ मध्ये झज्जर आणि अमरावती येथे झाला. परंतु प्रशालेत प्रवेश पाचवीला, नवोदयमध्ये सहावीला. त्याआधीची वर्षे, ज्यांत जिज्ञासा फुलते किंवा कोमेजते, ती गावच्या शाळेतच जातात. तेथे पुष्कळदा एकाच शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात.

गंमत अशी की, ही अडचणच कधी उपयोगी पडते. दुसरीतले मूल चौथीचा पाठ कानांनी टिपत असते. चाणाक्ष गुरुजी त्याला तिकडे सरकू देतात. त्याला तसलीच आणखी दहा गणिते देणे म्हणजे मात्र लवकर संपविल्याचा दंड. त्यापेक्षा एकाच गणिताच्या दोन रीती शोधावयास सांगाव्यात. इतरांना शिकविण्याचे काम द्यावे, पण बेताने. ते मूल शिकावयास आलेले असते, बिनपगारी मदतनीस म्हणून नव्हे.

खरी कठीण गोष्ट असे मूल ओळखणे ही आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत पुष्कळदा घोटून घेतलेली मुले चमकतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की बीडकडील कितीतरी मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. त्यांतली एखादी तल्लख मुलगी कोपीबाहेर मोळ्यांचा हिशेब तोंडी करीत असते. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ असते, आणि निकालाच्या यादीत कोणाला काही उणे वाटत नाही.