विनामूल्य शिबिराचे मोल

(सोलापूर येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दारिद्र्याविषयीची जाणीव-जागृती आणि रोजच्या व्यवहारास लागणारी कौशल्ये यांसाठी आपण गावोगावी व वस्त्यावस्त्यांतून शिबिरे भरवितो. त्यांच्या पत्रकावर ‘विनामूल्य’ हा शब्द आपण ठळक अक्षरांत छापतो. आजच्या भाषणात मला या एकाच शब्दाचा विचार करावयाचा आहे.

आपल्या शहरातील विडी कामगार भगिनीचे उदाहरण घ्या. कारखान्यातून पाने व तंबाखू घरी आणावयाची, पाने भिजवावयाची, कात्रीने कापावयाची, तंबाखू भरून विडी वळावयाची, दोरा बांधावयाचा आणि मोजून माल पोचता करावयाचा, असा तिचा दिवस असतो. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. ती आपल्या शिबिरात तीन तास बसली, तर त्या तीन तासांच्या विड्या वळल्या जात नाहीत आणि तेवढी मजुरी बुडते. यंत्रमागावरील कामगाराची स्थिती याहून वेगळी नाही. मंगळवेढ्याकडे ज्वारीची काढणी चालू असताना शेतमजुराला बोलाविले, किंवा ऊसतोडणीची टोळी गाव सोडून गेल्यावर तोडणी कामगारांसाठी वर्ग भरविला, तर समोर रिकाम्या सतरंज्याच दिसणार. प्रवेश विनामूल्य असतो. उपस्थितीला मात्र मोल पडते, आणि ते मोल ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्यालाच द्यावे लागते. म्हणून दारिद्र्याविषयीची पहिली जाणीव शिबिर भरविणाऱ्यांना हवी, असे मी नम्रपणे सुचवितो.

हा विचार आपल्या राज्याला नवा नाही. ग्राम शिक्षण मोहिमेचा प्रारंभ सातारा जिल्ह्यात १९५९ साली झाला आणि पुढे ती राज्यभर पसरली. गावातील शिक्षक व शिकलेली मंडळी रात्रीच्या वेळी प्रौढांना अक्षरे शिकवीत आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. त्या उत्साहाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु समारंभानंतर वाचावयास काही हाती न आल्यामुळे अनेकांची अक्षरे पुन्हा पुसली गेली, हाही त्या मोहिमेचा धडा आहे. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा केवळ साक्षरतेवर न थांबता साक्षरता, व्यावहारिक कार्यक्षमता आणि सामाजिक जाणीव अशी तीन अंगे मानण्यात आली. त्याआधी १९६७ साली मुंबईत देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ स्थापन झाले होते. कामगाराच्या सोयीच्या वेळी, त्याच्या वस्तीजवळ, त्याला हवे तेच शिकवावयाचे, हे त्यामागील सूत्र होते. या श्रमिक विद्यापीठांना २००० सालापासून जन शिक्षण संस्थान असे नाव मिळाले.

याहूनही जुना धडा आपल्या जिल्ह्याच्या मातीतच आहे. पंढरपुरी धर्मशाळा उभारणारे संत गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तन रात्री असल्याने कोणाची मजुरी बुडत नसे. बाबा स्वतः अक्षरशत्रू असले तरी श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, हा उपदेश त्यामुळे वरून आल्यासारखा वाटत नसे. शिबिराचे शास्त्र शिकविणाऱ्या पुस्तकांत याहून फार वेगळे काही सापडणार नाही.

आता दारिद्र्य म्हणजे काय, हे थोडे पाहू. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज माणशी २,२५० उष्मांक देणारा आहार ही त्यांनी कसोटी धरली. १९६०-६१ च्या किमतींनुसार त्यासाठी ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च त्यांनी आवश्यक मानला. त्या रेषेखाली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता पोटाबरोबर इतर बाबीही मोजल्या जातात. नीती आयोगाने २०२१ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात पोषण, माता व बालकांचे आरोग्य, शालेय शिक्षण, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँक खाते अशा १२ कसोट्या आहेत. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखविण्याजोगी आहे. कारण यांतील अनेक उणिवा दूर करण्याचा मार्ग पंचायत, शाळा आणि शासकीय कार्यालय यांतून जातो.

दारिद्र्य हा व्यक्तीचा दोष नव्हे, ही जाणीवही शिबिरातून रुजली पाहिजे. सोलापूरला याचा दाखला बाहेरून आणावा लागत नाही. १९४९ साली येथील सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी मालकांनी बंद केली. हजारो कामगारांच्या चुली अडचणीत आल्या. १९५० साली केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या कामगारांचे हात आदल्या दिवशीइतकेच कुशल होते. काम मात्र नव्हते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेला शेतकरीही आळशी नव्हता. ‘आमचे नशीबच असे’ म्हणणाऱ्या माणसाला कारणे दिसू लागली की उपायांकडे तो स्वतः वळतो. उलट, कष्टकऱ्यांना काटकसरीचे पाठ देणारे शिबिर त्यांना अपमान वाटते. दोनशे रुपयांत घर चालविण्याची विद्या त्यांच्यापाशी आपल्याहून अधिक आहे.

मग शिकवावयाचे काय? ज्या माहितीच्या अभावी गरिबाच्या हातून हक्काचा पैसा निसटतो, ती माहिती आधी द्यावी. काही उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण व्याजाचे. शेकडा पाच म्हटले की आकडा लहान वाटतो. तो दरमहा आहे हे ध्यानात आणून फळ्यावर हिशेब मांडावा. दहा हजारांच्या कर्जावर महिन्याला ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,००० रुपये व्याज. आणि मुद्दल तसेच उभे. हा दर वर्षाला ६० टक्के होतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, हेही त्याच वेळी सांगावे. बचत गटाच्या कर्जाचा दर शेजारच्या रकान्यात मांडला की वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

दुसरे उदाहरण विम्याचे. २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेमुळे घरोघरी बँक खाती पोचली. त्या खात्यातून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा घेता येतो. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर संरक्षण थांबते. याहून दुःखाची गोष्ट अशी की, हप्ता नियमित गेलेला असतो, कर्ता माणूस जातो आणि विमा होता हेच घरात कोणाला ठाऊक नसते. शिबिरात प्रत्येकाने आपले पासबुक आणावे, हप्त्याची नोंद स्वतः शोधावी आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे ते पाहावे. त्या रात्री घरी जाऊन ते पासबुक कोठे ठेवले आहे हे पत्नीला किंवा मुलाला दाखवावे. एवढा एक पाठ झाला तरी शिबिर सार्थकी लागले.

तिसरे उदाहरण नोंदींचे. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते. दुःखाच्या दिवसांत या कागदाची आठवण कोणाला राहणार? ती आठवण गावाने करून द्यावी.

चौथे उदाहरण हक्कांचे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळावा आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे करावे, याची सूचना कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. ही दोन वाक्ये पाठ असलेली स्त्री कार्यालयाच्या पायरीवर निराळ्या विश्वासाने उभी राहते.

कागद जपल्याने व एकत्र आल्याने काय साधते, हे कुंभारीला जाऊन पाहावे. स्त्री विडी कामगारांनी सहकारी संस्थेद्वारे उभारलेल्या, गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत १०,००० घरांचा प्रकल्प झाला आणि २००६ साली त्याचे लोकार्पण झाले. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या स्त्रिया घरांच्या मालकीण झाल्या.

पद्धतीविषयी चार गोष्टी सांगतो. वेळ कामगारांना विचारून ठरवावी. स्थळ वस्तीत असावे. समाजमंदिर, शाळेची खोली, नाहीतर एखाद्याची ओसरी. लहान मुले सांभाळण्याची सोय असावी. आणि भाषा त्यांची असावी. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू घरोघरी बोलली जाते. अक्कलकोट व दक्षिण सोलापूरच्या कित्येक गावांत कन्नडच जवळची वाटते. विम्याचा नियम मराठीत अचूक सांगितला आणि ऐकणारीला कळला नाही, तर तो सांगितलाच नाही असे समजावे. त्या वस्तीतील शिकलेली मुलगी दुभाषी म्हणून शेजारी बसवावी. पुढील वेळी तीच वर्ग घेईल.

शिबिरानंतरची वाटचाल मात्र सर्वांत मोलाची. १९८२ साली कर्नाटकात उजिरे येथे ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी संस्था निघाली. तिच्याच धर्तीवर २००९ पासून देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. तेथे प्रशिक्षण, भोजन व निवास विनामूल्य असतो आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा केला जातो. भोजन-निवासाची सोय करून त्यांनी उपस्थितीचे मोल हलके केले आणि पाठपुरावा करून शिकलेले टिकविले. आपल्या लहान शिबिरांनाही हे दोन्ही साधता येईल.

अधिकाऱ्यांनी शिबिराला येताना अर्जाचे नमुने, शिक्का व नोंदवही बरोबर आणावी; ‘उद्या कार्यालयात या’ या शब्दांत आणखी एका दिवसाची मजुरी बुडते. शिक्षकांनी व्याजाचा हिशेब मुलांच्या गणितात आणावा, म्हणजे तो त्यांच्याबरोबर घरी पोचेल. पंचायत सदस्यांनी कोणत्या घरात कोणता कागद नाही याची यादी ठेवून ग्रामसभेत तिचा आढावा घ्यावा.

शिबिराच्या अहवालात आपण उपस्थितांची संख्या लिहितो. तिच्याखाली आणखी एक रकाना आखावा, आणि तो तीन महिन्यांनी भरावा: किती जणांची वारस-नोंद झाली, किती दाखले मिळाले, किती जण सावकाराकडून बचत गटाकडे वळले. आपल्या शिबिरासाठी ज्या भगिनीने आपली मजुरी बुडविली, तिला तिचे मोल परत मिळाले की नाही, हे त्या रकान्यावरून कळेल.