मार्कंडेयकाठची पाणथळ



काकती म्हटलं की कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. गावालगत मार्कंडेय नदी आहे, याची आठवण मात्र पावसाळ्यात तिचं पाणी भातशेतात शिरलं की होते. आज या पाण्याविषयीच बोलायचं आहे.

त्याआधी आपल्या बेळगाव जिल्ह्यात कायद्यानं राखलेल्या जागा कोणत्या, ते पाहू. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. पलीकडे गोव्याचं म्हादई अभयारण्य आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान. म्हादई नदी भीमगडच्याच रानात, देगावजवळ उगम पावते. त्याच रानातल्या बारापेडच्या गुहांत राउटनच्या नावानं ओळखली जाणारी वटवाघळं राहतात. जगात त्यांची वीण होते ती फक्त इथंच, असं कित्येक वर्षं मानलं जाई.

दुसरी जागा गोकाक तालुक्यातली, घटप्रभेवरच्या धूपदाळ बंधाऱ्याची. बंधारा एकोणिसाव्या शतकातला, कालव्यांना पाणी देण्यासाठी बांधलेला. पक्षी कुणाच्या हिशेबात नव्हतेच! पण मागे उथळ पाणी पसरलं, गाळाची बेटं झाली, झाडोरा वाढला, आणि पाखरांनी ती जागा आपलीशी केली. हिवाळ्यात तिथं दूरदेशीचे करकोचे उतरतात. १९७४ साली या जागेचं पक्षी अभयारण्य झालं.

आता गंमत पाहा. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारनं २०१७ साली नियम केले. त्यांतून नदीचं पात्र वगळलं, भातशेती वगळली, पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलावही वगळले. म्हणजे आमच्या बाजूचं जवळजवळ सगळंच! बेळगावला पाणी देणारा राकसकोप जलाशय, मार्कंडेयचं पात्र, काठची भातखाचरं, यांतलं काहीच त्या व्याख्येत बसत नाही. धूपदाळला आधार आहे तो वन्यजीव कायद्याचा.

पाखरं व्याख्या वाचत नाहीत. बगळे, शराटी, ढोकरी भाताच्या चिखलातच चरतात. खाचरात भराव पडला, प्लॉट पडले, की त्यांचं चरणं संपतं आणि पुराचं पाणी पसरायला जागाही उरत नाही. मग तेच पाणी वस्तीत येतं आणि आपण नदीला दोष देतो. मला विचाराल तर व्याख्या करणाऱ्यांनी एकदा जुलैत आमच्या शिवारात यायला हवं होतं.

तरी एक वाट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि तिथल्या जैवविविधतेची नोंदवही असायला हवी. काकती, होनगा, कंग्राळी, कडोलीच्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत ही नोंदवही मागा. तळं, ओढा, नदीकाठची पाणथळ आणि तिथं दिसणारी पाखरं तिच्यात आहेत का ते पाहा. नसतील तर लिहून घ्यायला लावा, आणि त्यासाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या.