भाव कुणी ठरवायचा?

हिंगणघाटच्या कापूस उत्पादकाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. शेत आपले, घाम आपला. पण भाव ठरतो भलतीकडेच. इंग्रजांच्या काळात इथल्या कापसाचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात गाजले, तरी दराची दोरी तिकडच्यांच्याच हाती होती. स्वातंत्र्यानंतर तेलाबाबत साऱ्या देशाची अशीच अवस्था होती.

१९५१च्या करारांनुसार मुंबईत ट्रॉम्बेला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमी सरकारने दिली. तेल इथे शुद्ध होई; पण दर लागे तो ते परदेशातून शुद्ध होऊन आले आहे, असे धरून! कच्चे तेल कुठून आणायचे, हेही कंपन्याच ठरवीत. देश स्वतंत्र झाला, कंदिलातले रॉकेल मात्र झाले नव्हते.

१९६०मध्ये सोव्हिएत रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेही रुपयांत. केशवदेव मालवीय तेव्हा तेलखाते सांभाळत होते. कंपन्यांनी ते तेल शुद्ध करण्यास नकार दिला. पण आपल्या कच्च्या तेलाच्या दरात सवलत देणे त्यांना भाग पडले. त्याच ऑगस्टमध्ये रशियन डिझेल घेऊन ‘उझगोरोद’ जहाज मुंबईच्या पीरपाव धक्क्याला लागले. दुसरा दुकानदार दारात उभा राहिला, की पहिल्याचा आवाज मऊ होतो, तसेच हे झाले.

पुढे फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ला बॉम्बे हाय येथे तेल लागले. त्याच वर्षी एस्सो आणि १९७६मध्ये बर्मा-शेल सरकारच्या ताब्यात आली.

म्हणून प्रश्न सुटला का? नाही. आजही आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. २०२२नंतर पुन्हा स्वस्त रशियन तेल आले. त्यावरून ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले. त्याच महिन्यात कापड उद्योगाला दिलासा म्हणून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क सरकारने आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. म्हणजे गिरणीला दिलासा, आणि ऐन हंगामात शेतकऱ्यापुढे परदेशी कापूस!

दोन दुकानांतून घासाघीस करण्याची सोय म्हणजे अर्धे स्वातंत्र्य. ती राखावीच; पण तिची किंमत नेहमी कापूसवाल्यानेच का मोजावी, हा प्रश्न हिंगणघाटने दिल्लीला विचारायला हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)