बरे झाल्यानंतरचे दिवस
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वर्षभरात किती शस्त्रक्रिया झाल्या, किती शिबिरे भरली, याचे तक्ते आपल्या हाती आहेत. मी ज्याविषयी बोलणार आहे ते त्या तक्त्यांत कोठेच दिसत नाही. रुग्ण घरी जाण्यास योग्य आहे, असा शेरा आम्ही केसपेपरवर लिहितो आणि नातेवाईक संकोचाने विचारतात, “आणखी महिनाभर इथेच ठेवून घेता येईल का?” या प्रश्नामागे निष्ठुरपणा असतो असे मला वाटत नाही. बहुधा त्यामागे एक हिशेब असतो आणि तो जुळत नसतो.

आपला रत्नागिरी जिल्हा चाकरमान्यांचा. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून काहींना आनंद होतो. त्यात मुंबईला गेलेले पुरुष किती, हे आपल्याला ठाऊक आहे. गणपतीला आणि शिमग्याला घर भरते, एरवी पडवीत एकटी आजी. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रियेची तरतूद आज पूर्वीइतकी कठीण राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार खुले झाले आहेत. परंतु ही सोय रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची आहे. घरी गेल्यावर रुग्णाला उठवून बसवणे, दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, अंग पुसणे, भरवणे, रात्री लघवीला नेणे, यांचा भार ती उचलत नाही.

हा भार किती, ते हिशेबापुरते मांडून पाहू. बारा तासांच्या पाळीला मावशीचा दर ७०० रुपये धरला, तर दिवसरात्रीचे १,४०० आणि महिन्याचे ४२,००० रुपये होतात. शिवाय दोन मावश्यांवर भागत नाही. त्यांचीही सुटी असते, घरी लग्नकार्य असते, भातलावणी असते. तिसरी ठरवून ठेवावीच लागते. मुंबईत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलाने हे पैसे कोठून आणावेत? मग बहुतेक घरांत हा खर्च रुपयांत न होता सुनेच्या किंवा अविवाहित मुलीच्या झोपेत होतो. तो कोणी लिहून ठेवत नाही, एवढेच.

दुसरीकडे शासनाचा आधार पाहा. श्रावणबाळ योजनेखाली ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. दिवसाला ५० रुपये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसात तीन-चार डायपर लागतात. त्यांचा खर्चही यातून निघत नाही. तरीही ज्यांचा हक्क आहे त्यांनी तहसील कार्यालयात अर्ज अवश्य करावा. आमच्या कार्यालयातील सेवक तो भरून देतात.

वृद्धाश्रमांविषयी नातेवाईक नेहमी विचारतात. अनेक ठिकाणी प्रवेशाची पहिलीच अट असते, ‘स्वतःची कामे स्वतः करता येणे’. म्हणजे ज्याला हातांची गरज सर्वांत अधिक, त्याच्यासाठी दार बंद. मी त्या संस्थांना दोष देत नाही. त्यांच्याकडेही रात्रपाळीला माणसे नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टरने सांगावी की नाही याविषयी माझ्या मनात दुमत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा आहे. त्यानुसार प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे चरितार्थासाठी अर्ज करता येतो. मूलबाळ नसेल, तर ज्याला मालमत्ता मिळाली आहे किंवा मिळणार आहे, त्या नातेवाइकावरही जबाबदारी येते. आमचा अनुभव असा, की सातबाऱ्यावर नाव लावण्यास भावकीतले पाचजण येतात आणि डिस्चार्जच्या दिवशी एकही येत नाही. बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. ती मोडल्यास व्यवहार रद्द करून मागता येतो. काही विचारावयाचे असल्यास १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत मदतवाहिनी आहे.

आता आपल्या संस्थेकडे वळतो. मागील इमारतीत आठ खाटांचा शुश्रूषा-कक्ष सुरू करण्याचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. आठ वृद्ध एकत्र असतील, तर दिवसा दोन मावश्या आणि रात्री एक, अशा तीन पाळ्यांत काम निभावते. त्याच ७०० च्या दराने महिन्याला ६३,००० रुपये, म्हणजे माणशी ७,८७५. घरी ४२,००० लागत होते ते येथे एवढ्यावर येते. यात जेवण, औषधे, धुलाई धरलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आणि ज्याच्या हाती केवळ श्रावणबाळचे १,५०० आहेत, त्याला ७,८७५ देखील डोंगराएवढे आहेत. ती तूट कोणी भरावयाची, हा खरा प्रश्न आहे.

देणगीदारांच्या औदार्यावर हे रुग्णालय उभे आहे. व्हरांड्यातील संगमरवरी पाट्या त्याची साक्ष देतात. खोलीला नाव देता येते, यंत्राला देता येते, पलंगालाही देता येते. रात्री तीन वाजता चादर बदलणाऱ्या मावशीच्या पगाराला पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगी येत नाही. कक्षाच्या बांधकामासाठी विचारणा झाली आहे. बांधकामाची आम्हाला फारशी गरज नाही, खोल्या आहेत. वर्षाच्या पाळ्यांचे ७,५६,००० रुपये मात्र नाहीत, आणि ते दरवर्षी लागतील. पहिल्या वर्षाचा निधी जमला आणि दुसऱ्या वर्षी आटला, तर आठ माणसांना आपण कोठे पाठवणार? म्हणून माझी विश्वस्तांना विनंती आहे, की किमान तीन वर्षांच्या पाळ्यांची रक्कम, म्हणजे २२,६८,००० रुपये, हाती आल्याखेरीज कक्षाचे उद्घाटन करू नये.

तोपर्यंत एक काम थांबलेले नाही. दर शनिवारी दुपारी परिचारिका नातेवाइकांना आणि गावातील इच्छुक स्त्रियांना कुशीवर वळवणे, पाठीची त्वचा तपासणे, आधार देऊन चालवणे शिकवतात. शुल्क नाही. सुनांबरोबर मुलगे आणि जावईही यावेत, अशी आमची अपेक्षा आहे. मागील शनिवारी दोघे आले होते.