वसतिगृहाचा नियम आणि सूट मागण्याचा अर्ज
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बल्लारपूर येथे दिलेले भाषण)



दहावी-बारावीच्या परीक्षांत यश मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार आताच पार पडला. यांपैकी कित्येक जण लवकरच घर सोडून चंद्रपूर, नागपूर, पुणे असे पांगतील. त्यांच्या आईवडिलांच्या मनात आज अभिमान आहे, तशीच एक चिंताही आहे : मूल राहणार कोठे? मंडळाने मला शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी हाच विषय निवडला. काही विद्यालये व महाविद्यालये आपल्या वसतिगृहात राहणे सक्तीचे करतात. ही सक्ती कशासाठी असते, तीतून सूट केव्हा मागावी आणि कशी मागावी, याचा आज आपण थोडा विचार करू.

निवासासह विद्या ही कल्पना आपल्याला परकी नाही. गुरुगृही राहून अध्ययन करण्याची परंपरा आपण जाणतो. नालंदा येथे विद्यार्थी विहारातच राहून शिकत. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे निघालेली विद्यापीठे मात्र मुख्यतः परीक्षा घेणारी होती. पुढे १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने संलग्नता मागणाऱ्या महाविद्यालयांवर एक अट घातली. जे विद्यार्थी आईबापांजवळ किंवा पालकांजवळ राहत नसतील, त्यांच्या निवासाची सोय महाविद्यालयाच्या वसतिगृहात अथवा महाविद्यालयाने मान्य केलेल्या बिऱ्हाडात झाली पाहिजे, अशी ती अट होती. या अटीची रचना आपण ध्यानात घ्यावी. जो घरी राहतो त्याला तीतच मोकळीक आहे. मुलाला आईबापांपासून तोडावे असा कायद्याचा हेतू नव्हता. परगावी आलेले कोणतेही मूल देखरेखीवाचून राहू नये, एवढाच त्याचा हेतू होता. नियम आणि सूट ही एकाच हेतूची दोन अंगे आहेत, हे यावरून दिसून येईल.

आपल्या महाराष्ट्रात वसतिगृहांनी जे कार्य केले, ते पुष्कळशा शाळांनीही केले नसेल. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे नाकारल्यामुळे भाऊराव पाटील या विद्यार्थ्याला स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. जातवार वसतिगृहे ही त्या काळाची पहिली पायरी होती, आणि साताऱ्याची पंगत ही तिच्या वरची पायरी होय.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ते मुख्यतः संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ आहे. बल्लारपूरचा विद्यार्थी सकाळी गाडी किंवा बस धरून चंद्रपूरला जातो आणि सायंकाळी घरी येऊन जेवतो. त्याच्यापुढे सक्तीचा प्रश्नच नाही. सिरोंच्याचे मूल गडचिरोलीस शिकू लागले, तर घर सुमारे २०० किलोमीटर दूर राहते. त्याला वसतिगृहाची सक्ती नको असते. त्याला हवी असते वसतिगृहातील जागा. सूट मागणाऱ्यांचा विचार करताना या मुलांचा आपल्याला विसर पडू नये.

खरी सक्ती दिसते ती निवासी संस्थांत. आपल्या तालुक्यात विसापूरजवळ २०१९ साली सुरू झालेली सैनिक शाळा, तसेच नवोदय विद्यालये यांचे सारे शिक्षणच निवासावर उभे आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून खादी, आश्रमातील शिबिर आणि खेड्यातील सेवा यांची सांगड अध्ययनाशी घालीत आले आहे. असे शिक्षण बाहेरून येऊन-जाऊन पुरे पडत नाही. केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान संस्थांच्या नियमांतही सर्वसाधारणपणे असेच म्हटलेले असते : विद्यार्थ्याने वसतिगृहातच राहावे, विशेष कारणास्तव आईवडिलांजवळ किंवा पालकांजवळ राहण्याची परवानगी मिळू शकेल, परंतु ती केव्हाही काढून घेता येईल. काही ठिकाणी परवानगी मिळाल्यावरही खोलीचे भाडे भरावेच लागते.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनाही हा प्रश्न भेटतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पहिले वर्ष, क्वचित दोन वर्षे, आवारात राहण्याची सक्ती करतात. जवळच आईवडिलांचे घर असणे, विवाह, पदरी मूल, ठरावीक वय, आजारपण ही तेथे सूट मिळण्याची नेहमीची कारणे होत. येल येथे पाच सनातनी यहुदी विद्यार्थ्यांनी स्त्रीपुरुषांच्या संमिश्र वसतिगृहात राहणे धर्माविरुद्ध आहे, असे सांगून सूट मागितली. ती नाकारली गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००० साली वरिष्ठ न्यायालयातही निकाल विद्यापीठाच्याच बाजूने लागला. तेव्हा कारण मनापासूनचे असले तरी सूट मिळेलच असे नाही, हे जाणून प्रवेशापूर्वीच नियम वाचावेत.

अर्जाविषयी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. माहितीपुस्तिकेतील निवासाचे प्रकरण पैसे भरण्याआधी वाचावे. सूट देण्याचा अधिकार कोणाला आहे, वसतिगृहप्रमुखाला की प्राचार्यांना, हे विचारून घ्यावे. खिडकीवरील कारकुनाचा तोंडी होकार म्हणजे परवानगी नव्हे. अर्ज सत्र सुरू होण्यापूर्वी द्यावा. कारण एकच, स्पष्ट आणि खरे लिहावे. पाच लंगडी कारणे एका धडधाकट कारणाची बरोबरी करीत नाहीत. कारणाला पुरावा जोडावा : घर जवळ असेल तर शिधापत्रिका किंवा विजेचे बिल, आजार असेल तर वैद्यकीय दाखला, आणि पालकांचे संमतिपत्र. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. लेखी उत्तर हाती येईपर्यंत खोली सोडू नये व शुल्क थांबवू नये. नकार आला तर वरच्या अधिकाऱ्याकडे नम्रपणे, नवा पुरावा जोडून, पुन्हा दाद मागावी.

जेथे वसतिगृहात जागाच मिळत नाही, तेथे शासनाने रोख साहाय्याचा मार्ग काढला आहे. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना व अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना २०१६ पासून आल्या; इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजनेचा निर्णय २०२३ साली झाला. मूल स्वतःच्या गावाबाहेर शिकत असले पाहिजे, ही त्यांतील महत्त्वाची अट. येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. नातेवाइकाचा पत्ता दाखवून वसतिगृहातून सूट घ्यायची आणि दुसऱ्या कागदावर भाड्याच्या खोलीची पावती जोडायची, हा प्रकार चातुर्य नसून अपराध आहे. त्याने एका गरजू मुलाचा वाटा जातो आणि पुढच्या खऱ्या अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते.

मुलींच्या बाबतीत मला अधिक कळकळीने बोलायचे आहे. मुलीला वसतिगृहात ठेवण्यापेक्षा मावशीकडे किंवा काकांकडे ठेवलेले बरे, असे आपण सहज म्हणतो आणि तिच्यासाठी सूट मागतो. मावशी प्रेमळ असेलही. पण पहाटेचे पाणी, दोन वेळचा स्वयंपाक आणि लहान भावंडांचा अभ्यास कोणाच्या वाट्याला येतो? परीक्षेच्या आदल्या रात्री भांडी घासणारी मुलगी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. तिचे गुण कमी पडले की आपण तिच्या बुद्धीला दोष देतो. वसतिगृहातील घंटेला तरी अभ्यासाची वेळ ठाऊक असते. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी पालकांनी मुलीला एकांतात विचारावे, "बाळ, तुला कोठे राहायचे आहे?" आणि तिचे उत्तर ऐकावे.

शेवटची गोष्ट आपल्या मंडळाविषयी. नागपुरास केवळ आपल्या समाजाचे वसतिगृह असावे, ही सूचना दरवर्षी येते. तीमागील माया मी जाणतो. पण मला वाटते, तेवढा पैसा मुलांच्या अनामत रकमेसाठी बिनव्याजी द्यावा, आणि जून महिन्यात मंडळाच्या कचेरीत दोन जाणत्या माणसांनी अर्ज भरून देण्यास बसावे. हे काम मी स्वतः आनंदाने करीन. आपली मुले सर्व जातींच्या मुलांसोबत एका पंक्तीस बसून शिकोत. वेगळ्या ताटाची सूट मागणारा अर्ज मात्र आपल्या हातून कधीही लिहिला जाऊ नये.