अपडेट बंद नको, पुढे ढकला

मला एक प्रश्न सारखा येतो. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला की विंडोज अपडेट दिवसाचा सगळा डेटा खाऊन टाकतं, मग ते कायमचं बंद कसं करायचं?

कायमचं नकोच. २०१७ चं वॉनाक्राय घ्या. ते ज्या फटीतून घुसलं, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी. मधे जवळपास दोन महिने होते! तरी ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. आणि पसरायला त्याला कुणाच्या क्लिकची गरजच नव्हती, एका कॉम्प्युटरवरून नेटवर्कमधल्या दुसऱ्यावर ते आपलं आपण जायचं. 'मी फालतू लिंक उघडतच नाही' म्हणणाऱ्यांनो, ऐकताय ना?

अपडेटनेही मशीन बसतं, मान्य. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख मशीन बंद पाडली. पण ते कंपन्या वापरतात ते सुरक्षा सॉफ्टवेअर होतं, विंडोज अपडेट नव्हे.

आता डेटा. विंडोज ११ मध्ये वाय-फाय सेटिंगमध्ये जाऊन त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडा, 'मीटर्ड कनेक्शन' ऑन करा. बहुतेक अपडेट मग आपोआप उतरत नाहीत. मात्र आठवड्यातून एकदा घरच्या नाहीतर कॉलेजच्या वाय-फायला लॅपटॉप जोडायचाच, नाहीतर ते बंद केल्यासारखंच झालं. सबमिशन तोंडावर आलंय? 'पॉज अपडेट्स' दाबा, पाच आठवड्यांपर्यंत सवलत मिळते. मी स्वतः एकच आठवडा घेतो.

पुढच्या भागात ब्राउझरची एक्सटेन्शन. भेटूच!