मोटारीची जन्मपत्रिका

भंगार कशाला म्हणावे, असा प्रश्न कोणी केला, तर ज्या वस्तूची किंमत आता केवळ वजनावर ठरते ती वस्तू भंगार, असे उत्तर देता येईल. आपल्या दारावर येणारा भंगारवाला तांबे, पितळ आणि लोखंड यांत भेद करतो. परंतु पितळेची समई कोणाच्या देवघरातील होती, हे त्याच्या तराजूला कळत नाही. मोटारींचे भंगार जेथे साठविले जाते, तेथेही हाच न्याय चालतो. अमेरिकेत अशी आवारे पुष्कळ. त्यांतून क्वचित एखादी मोडकी मोटार बाहेर येते, आणि कालपर्यंत पत्र्याच्या भावाने जाणारी ती वस्तू लक्षावधी डॉलरांची ठरते. लोखंड तेच, गंजही तोच. मग बदलले काय?

ज्या मोटारींचा असा शोध घेतला जातो त्यांत ‘मसल कार’ या नावाच्या मोटारींचा मान पहिला. आपण त्यांना तालमीतल्या मोटारी म्हणू. अंगलट मध्यम, पण छाती पैलवानाची, असा त्यांचा घाट. १९६४ सालच्या नमुन्यांत पाँटियाक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या टेंपेस्ट मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे, एंजिन बसविले आणि तिला जी.टी.ओ. हे नाव दिले. वस्तुतः जनरल मोटर्स या मूळ कंपनीने अशा मोटारींच्या एंजिनाला ३३० घनइंचांची मर्यादा घालून दिली होती. पाँटियाकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी युक्ती अशी केली, की हे एंजिन मोटारीचे अंग म्हणून न देता गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेले जादा साहित्य म्हणून दिले. नियम शाबूत राहिला आणि मोटारही निघाली! पहिल्याच वर्षी ३२,४५० मोटारी खपल्या. मग इतर कंपन्या कशा मागे राहतील? क्रायस्लरने १९६६ पासून आपले ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ एंजिन रस्त्यावरच्या मोटारींत देऊ केले. त्याची जाहीर शक्ती ४२५ अश्वशक्ती होती.

हा बहर सात-आठ वर्षांचाच. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते भडकले, १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला, आणि १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखल्यावर पेट्रोल पिणाऱ्या या पैलवानांना खुराक घालणे कोणाला परवडेना. शर्यतीच्या नादात कित्येकांची एंजिने फुटली होती. कित्येकांची एंजिने काढून दुसऱ्या मोटारींत घातली गेली होती. उरलेले सांगाडे भंगाराच्या आवारात गेले. त्या वेळी त्यांची कोणाला खंत वाटली नाही, कारण जुनी मोटार ही तेव्हा केवळ जुनी मोटार होती. पुढे ती तरुण पिढी प्रौढ झाली, हातात पैसा आला, आणि तारुण्यात जी मोटार घेता आली नव्हती तिचा शोध सुरू झाला. ‘हेमी’ एंजिनाच्या, उघड्या टपाच्या प्लिमथ कूडा मोटारी १९७१ साली अवघ्या ११ निघाल्याची गणना आहे. त्यांतील एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरना गेली.

आता किंमत इतकी चढली, की तोतयांचे पीक येणारच. साधी मोटार घ्यावी, तिच्यात मोठे एंजिन बसवावे, वर नावाची पट्टी डकवावी, की झाली दुर्मिळ मोटार तयार. पुन्हा, हल्ली काही जुन्या मस्टँग आणि कॅमारो मोटारींचे संपूर्ण पत्र्याचे सांगाडेसुद्धा नवे घडविलेले मिळतात. म्हणून भंगाराच्या आवारात जो जाणता माणूस जातो, तो मोटार आधी वाचतो आणि मग पाहतो. हे वाचन म्हणजे तिच्यावर ठोकलेल्या आकड्याचे. आपल्याकडेही चॅसिसच्या आकड्यावर कागद धरून, वर पेन्सिल घासून त्याचा ठसा नोंदणीच्या अर्जासोबत देण्याची रीत मोटारवाल्यांना परिचित आहे. तोच हा आकडा. १९८१ सालापासून अमेरिकेत तो सर्वत्र सतरा अक्षरांचा झाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची लिपी निराळी होती. क्रायस्लरच्या आकड्यातील पाचवे अक्षर एंजिन कोणते ते सांगे. जनरल मोटर्सच्या जुन्या आकड्यांत मात्र एंजिनाच्या नेमक्या प्रकाराचा उल्लेखच नसे. त्यामुळे १९७२ पूर्वीच्या शेव्हरले मोटारींत तोतये अधिक, आणि त्या घेणाऱ्याला कागदांचाच आधार अधिक.

कागद म्हणताना एका विशिष्ट कागदाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कारखान्यात मोटार पुढेपुढे सरकत असताना कोणते एंजिन, कोणता रंग, कोणती बैठक हे प्रत्येक कामगाराला कळावे म्हणून एक छापील तक्ता तिच्याबरोबर फिरे. त्याचे नाव ‘ब्रॉडकास्ट शीट’. नभोवाणीवरून बोलणाऱ्याला हा शब्द ऐकून आपुलकी वाटावी यात नवल नाही! काम संपले की कामगार तो तक्ता बैठकीच्या स्प्रिंगांत नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर खुपसून देत. पन्नास वर्षांनी उंदरांनी कुरतडलेला तो तुकडा सापडला, तर मोटारीचे सारे गोत्र त्यावर लिहिलेले असते. फाटकी बैठक आवारातच फेकून देणारा खरेदीदार कित्येकदा मोटारीपेक्षा मौल्यवान वस्तू फेकून देतो.

या आकड्याचे सामर्थ्य किती, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत उत्तम उदाहरण ‘बुलिट’ या चित्रपटाचे आहे. पीटर येट्स यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९६८ साली आला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर स्टीव्ह मॅक्क्वीन गडद हिरव्या मस्टँगमधून जो सुमारे अकरा मिनिटांचा पाठलाग करतो, तो अजून लोक विसरलेले नाहीत. चित्रणासाठी दोन मस्टँग घेतल्या होत्या आणि त्यांचे क्रमांक लागोपाठचे होते. एकीचे पुढे बरे चालले. १९७४ साली एका कुटुंबाने ती ६,००० डॉलरना घेतली, आणि घरची बाई तीतून शाळेत शिकवावयास जात असे. १९७७ साली खुद्द मॅक्क्वीनने पत्र लिहून ती मागितली, तरी तिला त्या घराने सोडले नाही. दुसरी मात्र उड्या मारण्याच्या कामाची. ती चित्रणात खिळखिळी झाली आणि पुढे मोडीत निघाली, असेच सर्वजण धरून चालले होते.

२०१७ साली ती मेक्सिकोत, बाजा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाकडे, लॉस काबोसजवळच्या एका भंगाराच्या आवारात सापडल्याचे जाहीर झाले. हिरव्या रंगाच्या जागी पांढरा रंग, मूळ एंजिनाचा पत्ता नाही. ज्याने ती उचलली त्यालाही ती कोण हे ठाऊक नव्हते. त्याला आणि त्याच्या भागीदाराला तिच्यापासून दुसऱ्याच एका चित्रपटातील मस्टँगची प्रतिकृती करावयाची होती. म्हणजे अस्सल मोटार कापून तिची नक्कल बनविण्याची सिद्धता झाली होती! काम सुरू करण्यापूर्वी आकडा ताडून पाहिला म्हणून ती वाचली. तो असा: ८-आर-०२-एस-१२५५५८. यातील आठ म्हणजे १९६८ साल. आर म्हणजे सॅन होजे येथील कारखाना. ०२ म्हणजे पाठीमागे उतरत गेलेल्या छपराची घडण. एस म्हणजे ३९० घनइंचांचे एंजिन. आणि शेवटचे सहा अंक तिचे स्वतःचे. पहिल्या मोटारीचा आकडा याहून केवळ एकाने पुढचा. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी ज्यांच्यापाशी आहेत त्या केव्हिन मार्टी यांनी मोटार तपासून निर्वाळा दिला. पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आधारांना उड्यांसाठी दिलेली बळकटी आणि डिकीच्या तळाला पाडलेली भोके यांनी आकड्याला दुजोरा दिला.

खरेदीच्या व्यवहाराविषयी थोडे सांगावयास हवे. कोरड्या हवेतील मोटार उन्हाने विटते, पण तिचा पत्रा टिकतो. जेथे बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात तेथील मोटार वरून बरी दिसली तरी तळातून खाल्लेली असते. पुट्टी भरून रंगविलेल्या जागी लोहचुंबक चिकटत नाही, ही साधी परीक्षा खिशात मावते. मडगार्डखाली दडलेला आकडा आणि उघड्यावरचा आकडा जुळत नसतील, तर पुढे बोलणीच करू नयेत. एका मोटारीची पट्टी काढून दुसरीवर ठोकणे हा तेथील संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मालकीचे दस्तऐवजही आधी पाहावेत, कारण काही राज्यांत एकदा भंगार म्हणून नोंद झालेल्या मोटारीला पुन्हा रस्ता मिळत नाही.

आवाराच्या मालकाला त्याच्या मालाची खरी योग्यता सांगावी काय, हा प्रश्न अवघड आहे. त्याने आपण होऊन सांगितलेली किंमत देऊन मोटार नेण्यात मला अन्याय दिसत नाही. जाणकाराने वर्षानुवर्षे मिळविलेल्या ज्ञानाचा तो मोबदला आहे. परंतु मालकाने सरळ विचारले, की बाबा रे, ही आहे तरी काय, तर तेथे खोटे बोलणे ही लबाडीच होय.

राहता राहिली दुरुस्ती. ‘बुलिट’ची पहिली मोटार १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथे लिलावास आली ती नवा रंग न देता, पोचे आणि ओरखडे यांसकट; आणि शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. पांढऱ्या मोटारीचे काम निराळे. तिला एंजिन हवे, पत्रा हवा, हिरवा रंग तर हवाच. पण तेथे हातोडी धरणाऱ्या कारागिराला आधी बजावून सांगावे लागेल, की डिकीतील भोके बुजवू नकोस.